माझं न दुखणारं पोट

कर्जतच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन निघालो की अजूनही एखादी बाई थांबते, पदर सारखा करते आणि विचारते, "मोरूभाऊ, पोट कसं हाय आता?" तिच्याबरोबरची दुसरी तोंडाला पदर लावते. मी "बरं आहे" म्हणून पुढं होतो. वास्तविक माझं पोट उत्तम आहे. जन्मापासून उत्तम आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीनं त्याच्या कितीतरी परीक्षा घेतल्या आणि दर वेळी ते पहिल्या वर्गात पास झालं. पण गावानं एकदा एखाद्याला दुखणाईत ठरवलं की तो ठणठणीत होऊन मेला तरी लोक म्हणणार, पोटानंच गेला.

हे सगळं सुरू झालं ते आमची ही धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पेणला माहेरी गेली तेव्हा. एकोणसाठ-साठचा सुमार. एस्टीत बसल्यावर खिडकीतून हिनं मला सूचना दिल्या. दूध उतू घालवू नका, शकूची वेणी ओढून घालू नका, आणि मग आवाज खाली आणून, "शकूला कावळा शिवला की पाणी तुम्ही भरा, स्वयंपाक तुम्ही करा. आणि चौकशा करत बसू नका. बायकांच्या गोष्टी बायकांत."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला जमतं. कचेरीत मी तेवढ्यावरच टिकून आहे. मी स्वभावानं तंद्रीतला माणूस. खिडकीबाहेर उल्हास नदीवरचं धुकं हळूहळू उचलायला लागलं की माझी लेखणी आपोआप थांबते. कचेरीतले लोक याला झोप म्हणतात, तो त्यांच्या अज्ञानाचा भाग.

तर कार्तिकातल्या अशाच एका धुकट सकाळी मी उठलो तो चहा नाही. शकू मागच्या दाराशी वेगळ्या चटईवर पडलेली. मी काय ते ओळखलं आणि कळशी घेऊन विहिरीवर गेलो. आमची चाळ पाच-सहा बिऱ्हाडांची, विहीर सगळ्यांत एक. तिथं शेजारच्या सोनुबाई धुणं आपटत होत्या. त्यांनी हात थांबवून विचारलं, "आज तुमी?"

"व्यायाम," मी म्हणालो. मला स्वतःचं कौतुक वाटलं. गुपित राखावं तर असं.

परत येऊन चहा केला. आता शिवायचं नाही, म्हणून कप जमिनीवर ठेवून उलथण्यानं तिच्याकडे ढकलायला लागलो. तो अर्ध्या वाटेत कलंडला. शकूनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. गुडघे पोटाशी घेऊन, गोधडीचं टोक दातांत धरून पोर पडली होती. तोंड पांढरं पडलेलं. मी उलथणं टाकलं आणि सरळ तिच्याजवळ जाऊन बसलो. पोरीच्या जावळाच्या वेळी तिला मांडीवर धरून बसणारा मीच होतो, आणि आज उलथण्यानं चहा देतोय! ही आल्यावर काय व्हायचं ते होईल.

"फार दुखतंय का गं?"

"नाही."

"शकू."

"दर वेळी असंच दुखतं, बाबा. आई म्हणते, सगळ्यांनाच दुखतं, बोलायचं नसतं." मग थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पुढच्या महिन्यात कोंडाण्याच्या लेण्यांची सहल आहे. नेमकी याच दिवसांत येणार. मी जाणार नाही."

"अगं पण गेल्या वर्षी तू गेली होतीस की."

"पायथ्यापर्यंत. पुढं चालवेना. आंब्याखाली बसून राहिले, गाड्यांपाशी. पाय मुरगळला म्हणून सांगितलं. सगळ्या वर लेण्यात जाऊन आल्या, आठ दिवस तेच बोलत होत्या. मीपण बोलत होते, बाबा. पाहिल्यासारखं. या वर्षी मॅट्रिक. मग शाळाच संपली."

मला एकदम भरून आलं. आपली मुलगी न पाहिलेल्या लेण्यांचं वर्णन करत वर्गात उभी राहिली, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तिथल्या तिथं ठरवलं, शकू लेण्यांत जाणार. आणि तिचं गुपित चाळीत, शाळेत, कर्जतात कोणाला कळणार नाही. औषध मी माझ्यासाठी म्हणून आणीन. शकूनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात कौतुक होतं की काळजी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

झाकीरच्या किराणा दुकानात मी ओवा मागितला.

"कोनाला?" झाकीरनं पुडी बांधता बांधता विचारलं.

"मलाच. पोट दुखतंय."

दुकानामागंच त्यांचं घर. पडद्याआडून त्याची बायको हलिमाभाभी म्हणाली, "कुटं दुखतं, मोरूभाऊ? वर का खाली?"

"खाली. ओटीपोटात."

"कंबर भरून येते?"

मी शकूला पाहिलंच होतं. "येते तर! मांड्यासुद्धा ओढतात."

"आनी दर महिन्याला?"

"दर महिन्याला," मी ठासून सांगितलं.

झाकीर दोरीचा गुंडा शोधायला खाली वाकला तो वर येईचना. मग भाभीचा आवाज आला, अगदी मऊ. "मंग नुस्त्या ओव्यानं नाय व्हायचं. बाळंतशोपा घ्या, गूळ घ्या, सुंठीचा तुकडा घ्या. दोन भांडी पानी एक व्हईस्तो आटवा नि कोमट कोमट घ्या. तापल्या वाळूनं शेका. आनी अंथरूनच धरायची पाळी येत आसेल तर डाक्टरीनबाईला दाखवा, लाजू नका."

डॉक्टरीणबाईला मी का लाजू, हे काही मला कळलं नाही. ऐन तंद्रीत घरी आलो आणि काढा उकळला. घरभर ओव्याचा, शोपेचा असा काही वास पसरला की चुलीपुढं बसल्या बसल्या मला आपण कुठल्या तरी दूरच्या गावी आलोय असं वाटू लागलं. माझा नियम होता, आधी मी प्यायचं, मग मुलीला द्यायचं. पण इथं एक शास्त्रीय अडचण आली. माझं पोट दुखतच नसल्यामुळं औषध लागू पडलं की नाही, हे समजायला मार्ग उरला नाही.

शकू काढा प्यायली. संध्याकाळी उठून बसली, अन् भात जरा करपलाय म्हणाली. मला हायसं वाटलं. पण उठून बसणं वेगळं आणि डोंगर चढणं वेगळं. महिना हाताशी होता. आणखी जालीम काहीतरी शोधायला हवं.

तोवर माझ्या पोटाची बातमी फुटली होती. सोनुबाई चाळीतल्या वयानं सगळ्यांत थोरल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अवं मोरूभाऊ, दुधात जायफळ उगाळून घ्या. कळ जागच्या जागी मरते. पन बेतानं हां."

बेतानं म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं. आम्हा कारकुनांना मोघम आदेशाचा अर्थ सढळपणे लावायची सवय. मी सहाणेवर जायफळ धरलं आणि उगाळता उगाळता खिडकीतून पाहत राहिलो. पलीकडं खळ्यावर भाताची झोडणी चालली होती, धप्प, धप्प, आणि त्या ठेक्यावर माझा हात फिरत होता. भानावर आलो तेव्हा जायफळ निम्मं झालं होतं. दूध टाकवेना. प्यालो आणि कचेरीत गेलो.

पुढचं नीट आठवत नाही, पण जे आठवतं ते फार सुंदर आहे. मी टेबलाशी बसलोय आणि उल्हास नदी खिडकीतून आत येतेय. घाईनं नाही, परवानगी घेऊन आल्यासारखी. फायली पाण्यावर तरंगू लागल्या, त्यांच्या लाल फिती मासोळ्यांसारख्या वळवळू लागल्या. हेडक्लार्कसाहेब गळ्यापर्यंत पाण्यात म्हशीसारखे निवांत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर बगळा. पलीकडच्या काठानं एक पायवाट डोंगरावर चाललेली. त्या वाटेनं शकू जात होती, वेण्यांना तांबड्या रिबिनी, भराभर, हलकी. मी पोहत होतो की बसलो होतो कोण जाणे. ती काही मागं वळेना. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली, "शकूऽऽ!"

डोळे उघडले तर हेडक्लार्कसाहेब कोरडे ठणठणीत समोर उभे.

"शकू कोण?" त्यांनी विचारलं.

"मुलगी, साहेब."

"मग घरी हाका मारा. इथं सरकारी वेळ आहे."

माझ्या टेबलाशेजारचा गजा उठून म्हणाला, "साहेब, मोरूभाऊंना बरं नाही. पोटाचं आहे. मला वाटतं अपेंडिक्स." गजाला जगातल्या प्रत्येक माणसात अपेंडिक्स दिसतं. त्यानं भर कचेरीत माझ्या पोटात बोट खुपसून दाखवलं की ते कुठं असतं. या वयात दुसऱ्याचं बोट पोटात घेऊन उभं राहणं किती अपमानास्पद आहे, ते त्यातून गेल्याशिवाय कळत नाही.

जायफळ बाद झालं. मुलीला डोंगर चढायचा होता, तरंगायचं नव्हतं. मग जास्वंदीच्या कळ्या झाल्या, मेथ्या झाल्या. कोरफडीचा गर झाला, त्यानं माझ्या पोटाला जो काही वेग दिला त्याचं वर्णन चारचौघांत करण्यासारखं नाही. शेवटी सोनुबाईंनी ब्रह्मास्त्र काढलं. "अशोकाची साल. दुधात उकळून. त्याच्या वरताण काय नाय."

अशोक! आमच्या कचेरीच्या फाटकाशीच दोन अशोक उभे होते, सरळसोट, पहारेकऱ्यासारखे. वरिष्ठ साहेबांनी स्वतः रोपं लावलेली. मधल्या सुट्टीत मी अडकित्ता घेऊन एकाच्या मागं बसलो. हातभर साल निघाली असेल तोच लडकू शिपायाची सावली पडली.

"भाऊ, सायबाचं झाड सोलताव?"

"पोटासाठी रे, लडकू."

"पापी पेट," असं काहीतरी हिंदीतलं तो पुटपुटला आणि वर्दी द्यायला आत गेला. साहेबांच्या खोलीत मला उभं केलं. सरकारी झाडाची साल काढण्याचं कारण काय? खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं. ते सांगितलं असतं तर साहेबही बापमाणूस होते, विरघळले असते. पण संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं. मी मान खाली घातली. "पोटदुखी," म्हणालो. त्यांनी मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि जंतांच्या गोळ्या दिल्या. त्या मात्र मी घेतल्या नाहीत. माणसानं किती सोसावं यालाही मर्यादा असते.

घरी येऊन साल उकळली. चव भिजलेल्या दारासारखी. उरलेला तुकडा सोनुबाईंना दाखवला तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो बाय! अवं, हा शोभेचा अशोक! औशदाचा तो सीतेचा अशोक, रानातला, नारंगी फुलं येतात तो. ह्यो नुस्ता उभा ऱ्हायला हाय!"

म्हणजे माझी चौकशी झाली ती चुकीच्या झाडाबद्दल. तात्पर्य, महिन्याभराच्या संशोधनानंतर मी जिथून निघालो होतो तिथंच परत आलो. ओवा, शोपा, गूळ, सुंठ.

आता सहलीबरोबर मलाही जायचं होतं, त्यासाठी रजा हवी. तिथं नवाच गुंता. आजारपणाची रजा मागितली तर हेडक्लार्कसाहेब म्हणाले, "पोटदुखीनं आजारी माणूस कोंडाण्याचा डोंगर चढतो कसा?" किरकोळ रजा मागितली तर म्हणाले, "ठणठणीत माणसानं सरकारी झाड सोललं कशाला?" दोन्हीकडून मी सापडलो. त्या दुपारी ते जेवायला घरी गेले आणि परत आले ते निराळेच. माझ्याकडं न बघता सही केली. "घरून निरोप आहे," ते खाकरून म्हणाले, "तुमच्या पोटाला डोंगरची हवा मानवेल." त्यांच्या घरचं पाणीही आमच्याच विहिरीवरून जायचं, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी शकू बाजूला बसली. अंदाज चुकला नाही. मी कळशी घेऊन विहिरीवर गेलो. "व्यायाम?" सोनुबाईंनीच विचारलं. तिथून झाकीरकडं गेलो. मला थर्मास हवा होता. हलिमाभाभीनं पडद्याआडून दुकानातला चहाचा भला थोरला थर्मास पुढं सरकवला.

"एवढा मोठा कशाला, भाभी?"

"न्या. तुमचं पोट मोटं हाय."

सकाळी धुक्यातून बैलगाड्या निघाल्या. मुली मधल्या गाड्यांत, पुढच्या गाडीत मुख्य बाई. त्यांचं नाव येसूबाई. त्या नुसत्या खाकरल्या की शाळेतला फळासुद्धा कोरा व्हायचा. मी शेवटच्या गाडीत, मांडीवर थर्मास, कोटाच्या आत पोटावर तापल्या वाळूची पुरचुंडी. ती गरम राहावी म्हणून मी अंगाशी धरली होती. वाटेत गाडी खड्ड्यात गेली, पुरचुंडी उसवली आणि वाळू हळूहळू माझ्या विजारीत उतरू लागली. चटक्यानं मी जे आवाज काढत होतो त्यांवरून माझ्या पोटदुखीबद्दल कुणाला शंका उरली असेल तर तीही फिटली.

गाव मागं पडलं, गाड्या सोडल्या, चढ सुरू झाला. आणि वाटेच्या तोंडाशीच तो आंबा. शकू त्याच्याखाली थांबली. ओठ दाबलेले, कपाळावर घाम.

"बाबा, तुम्ही जा. मी बसते इथंच."

मी तिथंच फतकल मारली आणि ओरडलो, "अगं आई गं, माझं पोट!" सगळ्या मुली वळल्या. मी थर्मासचं झाकण भरलं, एक घोट नावाला घेतला आणि शकूपुढं धरलं. "फार झालं मला. तू संपव बघू."

ती प्यायली. मुली पाहत होत्या. तेवढ्यात हलिमाभाभीची मुनिरा पुढं आली. शकूच्याच वर्गातली, धिटुकली पोरगी.

"काका, मला पन द्या."

"तुला काय झालंय?"

"तुमाला झालंय तेच," मुनिरा म्हणाली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. "अम्मी बोलली, काकांच्या थर्मासातला काढा पी, आपल्याच ओव्याचा हाय."

शकू लालेलाल झाली. "म्हणजे तुझ्या अम्मीला..."

"अगं, सगल्यांना ठाव हाय. तुझे बाबा कलशी घेऊन हिरीवर आले का आख्ख्या चालीला कलतं. चालीत दुसरे कोनाचे बाबा पानी भरतात?"

मी थर्मासकडं पाहत बसलो. महिनाभर मी पोटात बोटं खुपसून घेतली, झाडं सोलली, नदीत बुडालो, आणि गुपित मी स्वतःच दर वेळी कळशीत घालून विहिरीवर मिरवत होतो!

मला वाटलं, पोर आता रडणार. पण शकू मुनिराकडं पाहून म्हणाली, "आणि तू? तूपण गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षी वर जाऊन लेन्यात पडून व्हते. डोले मिटून. मी काय बगितलं नाय. तू सांगितलंस तेच मी घरी सांगितलं."

दोघी अशा हसत सुटल्या की आंब्यावरचे पोपट उडाले. मागून वर्गातलीच मंगळी आली, "काका, मला अर्धा." आणखी एक आली. मी तोंड फिरवून डोंगराकडं पाहत बसलो आणि हात मागं करून झाकण भरत राहिलो. बऱ्याच वेळानं एक हात पुढं आला, त्यात मनगटी घड्याळ होतं.

"थंडी आहे आज," येसूबाई खाकरून म्हणाल्या. त्यांनी झाकण रिकामं केलं आणि परत दिलं.

चढताना शकू हळू चालली. मध्येच थांबली, मुनिराच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, परत चालली. काढ्यानं दुखणं पळालं असं मी म्हणणार नाही. ते कमी झालं आणि बाकीचं वाटून घेतलं गेलं. मी मात्र निम्म्या वाटेत बसलो. वाळू बुटात उतरली होती. वर धुकं फाटत होतं आणि त्यातून काळ्या कातळातली ती कोरीव कमान हळूहळू बाहेर येत होती. पारवे घुमत होते. आणि त्या वाटेनं दोन तांबड्या रिबिनी चालल्या होत्या, वर, आणखी वर. मला क्षणभर वाटलं, जायफळ अजून उतरलेलं नाही. आता पोर वळायची नाही.

ती वळली. कमानीखाली उभी राहून, तोंडाशी हात धरून ओरडली, "बाबाऽऽ, या ना! खरंच आहे हे सगळं!"

मला उठवेना. डोळ्यांत पाणी आलं, ते मी थंडीवर ढकललं.

आठ दिवसांनी ही पेणहून परतली. एस्टी स्टँडवरून घरी येईपर्यंत विहिरीवरून तिला सगळं कळलं होतं. "चौकशा करू नका म्हणून सांगितलं होतं," पिशवी खाली ठेवून ती म्हणाली. मी मान डोलावली. ती चुलीपाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "आमच्या वेळी कुणी केलं नाही हो असं." मग भांडी हलवत म्हणाली, "त्यातला ओवा उरलाय का जरा?"

याला आता पंचवीस वर्षं व्हायला आली. शकू लग्न होऊन खालापूरला असते. परवा ती आपल्या मुलीला घेऊन आली. पोर आल्या आल्या आतल्या खोलीत गेली, गुडघे पोटाशी घेऊन पडली, उशीत तोंड खुपसलं. काय गं म्हणून विचारलं तर "काही नाही आजोबा" म्हणाली. शकू माझ्या खुर्चीपाशी आली, वाकली, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"बाबा, तुमचं पोट दुखतंय का हो?"

"दुखतंय गं बाई," मी म्हणालो, "सकाळपासून फार दुखतंय." आणि ओव्याचा डबा काढायला उठलो.